पाठमोरा गोल

तळेगाव दाभाडे
८ नोव्हेंबर २०२४

निरंजन भावा, रामराम.

दिवाळीत तुझा फोन आला होता. सूनबाईने माझ्या हातात दिला आणि मी आपलं "हां, हां, बरं" करत राहिलो. खरं सांगतो, एक अक्षर कळलं नाही. सगळी नोकरी हॅमर शॉपमध्ये काढली, त्या घणांनी कान नेले. पोराने मशीन आणून दिलं आहे. ते लावलं की कुकरची शिट्टी आणि शेजाऱ्याचं कुत्रं एकाच आवाजात ओरडतात. म्हणून हे पत्र. औशात अजून पोस्टमन येतो ना?

बातमी चांगली आहे. नेहरूनगरच्या मैदानावर स्वप्नाली मॅडम म्हणून एक कोच पोरापोरींना हॉकी शिकवतात. डिसेंबरअखेर त्यांनी स्पर्धा ठेवली आहे, आणि त्या दिवशी आपल्या भीमराजचा सत्कार आहे. एक्क्याण्णवच्या फायनलमधल्या गोलसाठी! आपल्या सुवर्णा फोर्जिंगचं नाव आता कुणाला माहीत नाही. कंपनी चाकणला गेली, टीम मोडली, पिंपरीत आपल्या मुरमाच्या मैदानावर तीन टॉवर उभे राहिले. तिकडच्या नव्या प्लँटमध्ये मैदान नाहीच, पार्किंग आहे. अशा वेळी कुणाला तरी तो गोल आठवला, हेच खूप झालं.

मॅडमनी मला विचारलं, "काका, तो गोल कसा झाला ते कुणी लिहून देईल का? मी वाचून दाखवेन." मी तुझं नाव सांगितलं. युनियनचे बोर्ड तूच लिहायचास. मातीच्या ढिगाऱ्यावर आपण शेजारी शेजारी बसायचो. शेडच्या पायाची माती टाकून झालेला तो ढिगारा, तेच आपलं स्टेडियम. मागे उंचावर अंबुबाईची चहाची टपरी. त्याआधी आपण लागोपाठ दोन फायनल हरलो होतो. एक तर आपल्याच बॅकच्या पायाला लागून. त्या दिवशी कँटीनमध्ये कुणी भाजी वाढूनसुद्धा घेतली नव्हती.

सोपान असता तर त्याला विचारलं असतं. शॉर्ट कॉर्नरला, म्हणजे गोलसमोरची ती पेनल्टी मिळाली की, गोलच्या लाइनीवरून बॉल आत ढकलायचं काम त्याचंच. पण तो गेला, आता आठवणारे आपणच. लिही लवकर. आणि ये.

तुझा,
रोहिदास

—

औसा
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय रोहिदास,

पत्र मिळालं. पोस्टमन येतो, पण तुझं अक्षर पाहून त्यानं विचारलं, "डॉक्टरचं आहे का?"

येणं जमणार नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सध्या पलंगापासून ओसरीपर्यंत जातो आणि तेवढ्यावर घरचे टाळ्या वाजवतात. पण लिहायला सांगितलंस ते बरं केलंस. दोन दिवस तेच डोक्यात होतं.

मला आधी तो गोल आठवत नाही, ढिगारा आठवतो. मी औशाहून एक पत्र्याची पेटी घेऊन आलो होतो. खोलीवर चौघे, कुणी कुणाशी बोलायचं नाही. पहिल्या रविवारी कंपनीच्या मागे आरडाओरड ऐकली म्हणून गेलो, तर तू ओरडलास, "सरका रं, बसू द्या त्याला!" मला हॉकीतलं काही कळत नव्हतं. तरी बसलो. नंतर नोकरी, लग्न, चिंचवडची खोली, सगळं त्या जागेवर बसूनच झालं, असं वाटतं. तुझं ते "सरका रं" मी विसरलेलो नाही.

आता मॅडमना वाचायला देण्याचा मजकूर:

"खडकीच्या संघाविरुद्ध एक-एक अशी बरोबरी होती. खेळ संपत आला होता. सुवर्णाला शॉर्ट कॉर्नर मिळाला. सोपानरावांनी बॉल आत ढकलला, तो थांबवला गेला, आणि भीमराज शेलारांनी असा फटका मारला की गोली हललाच नाही. बॉल गोलच्या जाळीत वर जाऊन अडकला. तिथे जाळी फाटली होती आणि बाइंडिंग वायरने बांधली होती. त्या वायरीत तो पिकल्या फळासारखा लटकत राहिला. भीमराज मात्र धावून आलेल्या बॅकच्या धडकेनं जमिनीवर पडले होते, भुवईतून रक्त येत होतं. त्यांना खांद्यावर घेऊन आम्ही मैदानाला फेरी मारली."

कमीजास्त वाटलं तर सांग. भीमराजला आधी वाचून दाखव. त्याचा हक्क पहिला.

तुझा,
निरंजन

—

तळेगाव दाभाडे
२४ नोव्हेंबर २०२४

निरंजन,

तू हे काय लिहून पाठवलंस!

मी तुझं पत्र घेऊन मोशीला भीमराजकडे गेलो. त्याच्या बायकोने पोहे केले होते. मी मोठ्या आवाजात वाचायला लागलो. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे खालच्या मजल्यावरचे लोकही ऐकत असणार. भीमराज मान डोलावत होता. "जाळीत वर जाऊन अडकला" म्हटलं आणि त्याची मान थांबली.

माझ्याशी बोलायचं तर लोक आता लिहितात. त्याने पेपरच्या कोपऱ्यावर लिहिलं, "बॉल वर होता?"

मी म्हटलं, "छे रे, फळीवर आदळला. खालच्या लाकडी फळीवर. थाड करून आवाज आला, मी तेव्हा चांगला ऐकायचो. निरंजनचं वय झालंय."

त्याने पुन्हा लिहिलं, "वर असेल तर गोल माझा नाही."

मग त्याने समजावलं. शॉर्ट कॉर्नरला पहिला सरळ फटका फळीच्या उंचीच्या वर गेला तर गोल देत नाहीत. तेव्हाही देत नव्हते. पंचांनी गोल दिला, म्हणजे बॉल खाली गेला असला पाहिजे. किंवा मधे आपल्याच कुणाच्या तरी स्टिकला लागून वर उडाला असला पाहिजे. मग गोल त्याचा, ज्याची स्टिक लागली.

"पण तू मारलास ना? तुला माहीत असणार," मी म्हटलं.

त्याने जे लिहिलं ते मी तसंच उतरवतो. "फटका मारला आणि आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा तुमच्या खांद्यावर होतो. मी तो गोल बघितलेलाच नाही. तुम्ही सगळे सांगत आलात, ते मी मानलं."

पोहे तसेच राहिले. निघताना त्याने शेवटचं लिहिलं, "गोल माझा नसेल तर मी त्या स्टेजवर पाय ठेवणार नाही. नीट आठवून सांगा."

निरंजन, तो माणूस त्या एका गोलवर ताठ उभा राहिला आहे. सगळी कॉलनी त्याला गोलवाले काका म्हणते. तू ताबडतोब लिही की चूक झाली, बॉल फळीवरच आदळला होता.

रोहिदास

—

औसा
२ डिसेंबर २०२४

प्रिय रोहिदास,

तुझं पत्र वाचून मी तुला चार शब्द सुनावणार होतो. बॉल वर होता. मी स्वतः पाहिला लटकताना. आपल्या टीमच्या नवनाथनं स्टिकनं खाली पाडला, तेही आठवतं. तू फळी कुठून आणलीस?

पण पेन हातात घेतलं आणि हसू आलं. एक विचारतो, रागावू नकोस. तू तो गोल होताना पाहिलास का?

कारण मी नाही पाहिला. आणि तूही पाहिला नसणार. आपली पाठ होती, भावा!

विसरलास? एकदा शॉर्ट कॉर्नर मिळाला त्याच वेळी अंबुबाईनं चहा झाल्याची हाक दिली. आपण सगळे ग्लास घ्यायला मागे वळलो आणि गोल झाला. त्याआधी डोळे फाडून पाहिलेले सगळे शॉर्ट कॉर्नर वाया गेले होते. झालं, तेव्हापासून नियमच पडला. शॉर्ट कॉर्नर मिळाला की अख्ख्या ढिगाऱ्यानं मैदानाकडे पाठ करायची. एकदा कुणा नव्या पोरानं चोरून मान वळवली आणि फटका बाहेर गेला, तर त्याला आठवडाभर कुणी तंबाखू दिली नाही. पाहुणे संघ हसायचे. जगात कुठल्या टीमचे लोक आपल्याच गोलकडे पाठ करतात?

आपण बघायचो ते अंबुबाईकडे. ती टपरीत उभी राहून आपल्या डोक्यांवरून मैदान बघायची. तिला नियम लागू नव्हता. तिचं तोंड पडलं की गेला, ती हसली की गोल. मग आपण वळायचो. एक्क्याण्णवला ती हसली आणि मी वळलो, तेव्हा बॉल आधीच वर लटकत होता. तेवढंच मी पाहिलं. बाकीचं आपण इतक्या वेळा सांगितलं की ते पाहिल्यासारखं वाटायला लागलं.

टीममधल्या बाकीच्यांचा आता पत्ता नाही, म्हणजे तो गोल पाहिलेली आपल्या बाजूची एकच व्यक्ती उरली. ती हयात आहे ना? मग माझ्याशी भांडण्यापेक्षा तिच्याकडे जा.

निरंजन

—

तळेगाव दाभाडे
९ डिसेंबर २०२४

निरंजन भावा,

पाठीचं वाचलं आणि छातीवर हात मारून घेतला. सूनबाई विचारायला लागली, छातीत दुखतंय का.

अंबुबाई हयात आहे. नात सायलीकडे असते, मेदनकरवाडीत. सायली चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सुट्टीचा दिवस बघून गेलो. तळेगाव-चाकण रस्ता तुला माहीत आहेच. कंटेनरच्या मागे कंटेनर, आणि त्यांच्या मधून माझा मुलगा स्कूटर घालतो. देव आठवत पोचलो.

म्हातारी पार वाळली आहे, पण आवाज खणखणीत असावा, कारण ती बोलली की सायली दचकायची. सायलीने युक्ती केली. आजी बोलेल तसंच ती मोबाईलवर मोठ्या अक्षरात टाइप करून मला दाखवत होती. पहिलंच वाक्य आलं: "काय रं रोहिदास, आज कशी काय वाट चुकला?"

मी गोलचं विचारलं. तिने सायलीला स्वयंपाकघरात पिटाळलं. पेले, वाटी, चमचे आणि एक सुपारी घेऊन ती आली. मला ऐकू येत नाही म्हणून म्हातारीने फरशीवर फायनलच मांडली! दोन पेले म्हणजे गोलचे खांब. मधे वाटी उपडी घातली, तो गोली. लाइनीवर एक चमचा ठेवला, त्यावर बोट ठेवून म्हणाली, सोपान. लांब दुसरा चमचा, तो भीमराज.

सोपानच्या चमच्याने सुपारी आत ढकलली. भीमराजच्या चमच्याने मारली. सुपारी खांबाच्या बाहेरून चालली होती, निरंजन. तिने ती तशीच बाहेर सरकवली. मग तिथे थांबली आणि सोपानचा चमचा उचलला. ढकलून झाल्यावर सोपान तिथेच उभा राहिला नव्हता, खांबाकडे पळाला होता. तिने त्याचा चमचा सुपारीला जरासा लावला आणि सुपारी उचलून वाटीच्या वरून, पेल्यांच्या मधून नेली. माझ्या नाकासमोर धरली. वर.

"मंग माझ्या हातातनं झाकान पडलं पत्र्यावर," सायलीच्या मोबाईलवर आलं. "थाड करून."

म्हणजे मी ऐकलेली फळी म्हणजे अंबुबाईचं झाकण. इतकी वर्षं मी त्या झाकणाच्या जोरावर भांडत आलो.

मी विचारलं, "मग तू कधी बोलली का नाहीस?"

"तुमी कदी इचारलं? तुमी निसतं माझं त्वांड बघायचा. त्या तोंडानं काय बघितलं, ते कोन इचारतं?"

पुढचं मात्र ती हळू बोलली असावी. सायली वाकून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सोपान चहाला आला तेव्हा अंबुबाईने त्याला टोकलं होतं, "गोल तुजा, आन मिरवनूक त्याची व्हय रं?" सोपान म्हणाला, "मावशी, गप ऱ्हा. भीमराज बदली कामगार हाय. सायेब म्हनलेत, गोलवाल्याला परमनंट करतो. मी हाय की परमनंट. मी दोनदा परमनंट हुनार हाय का?"

आठवतं ना? पुढच्याच महिन्यात भीमराजला परमनंटचं पत्र मिळालं आणि सोपानने शॉपमध्ये पेढे वाटले. आपल्याला वाटलं, दोस्तीत वाटतोय.

"मग आता का सांगितलंस?" मी विचारलं.

"आता सोपान ऱ्हायला न्हाई. आन भीमराज रिटायर झाला. त्याचं परमनंट आता कोन काढून घेतंय?"

आता तूच सांग, मी काय करू? भीमराजला सांगितलं तर तो येणार नाही. आणि घरात बसून विचार करेल की आपली सगळी नोकरी दुसऱ्याच्या गोलवर झाली. न सांगावं तर सोपानने केलेलं असंच मातीत जाईल. भीमराजला सांगता येईल की अंबुबाईने फळीच सांगितली. म्हातारी माझ्यासाठी गप्प बसेल. लिही.

रोहिदास

—

औसा
१६ डिसेंबर २०२४

प्रिय रोहिदास,

तुझं पत्र मी नातवाला वाचून दाखवलं. अर्ध्यात पत्र त्याच्या हातात दिलं. पुढचं त्यानंच वाचलं.

सांग त्याला. तू खोटं सांगितलंस तर त्याला कळेल, तुझं तोंड बघूनच कळेल. ती विद्या आपल्या ढिगाऱ्यावरचीच आहे. शिवाय त्यानं सरळ विचारलंय. आपण आयुष्यभर अर्धंच बघून टाळ्या वाजवल्या, त्याला तरी पूर्ण दिसू दे.

पण एकट्याला सांगू नकोस. कुसुमताईंना बरोबर घे. सोपानच्या बायकोसमोर त्याला लाज वाटेल असं तुला वाटत असेल, तर मला उलट वाटतं. गोल गेला म्हणून रडायचं की असा दोस्त मिळाला म्हणून, हे त्या समोर असल्या की त्याला ठरवता येईल.

आणि हे पण त्याला सांग. आम्ही खांद्यावर घेतलं ते गोलसाठी होतं, कबूल. पण त्याआधीच्या दोन हरलेल्या फायनलनंतर तो एकेकाकडे येऊन म्हणाला होता, "पुढच्या वर्षी." त्याची स्वतःची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही हे त्याला माहीत नव्हतं, आणि तो आम्हाला धीर देत होता. तेवढं माझ्याकडून त्याच्या खात्यावर राहू दे.

काय झालं ते सगळं लिही. गुडघा इथं आहे, जीव तिथं आहे.

निरंजन

—

तळेगाव दाभाडे
३० डिसेंबर २०२४

निरंजन भावा,

काल रविवारी सगळं पार पडलं. क्रमाने सांगतो, नाहीतर तू पुन्हा म्हणशील की मी न पाहिलेलं लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी चिंचवडला कुसुमताईंकडे गेलो आणि त्यांना घेऊन मोशीला. वाटेत मी त्यांना काही बोललो नाही. भीमराजकडे बसल्यावर चमचे मागितले. अंबुबाईने मांडलं तसं मी मांडलं. सुपारी नव्हती, लवंग घेतली. सोपानचा चमचा लवंगेला लागला आणि मी लवंग वर उचलली. भीमराज तिच्याकडे बघत राहिला. मग परमनंटचं सांगितलं. तुझा निरोपही सांगितला, "पुढच्या वर्षी"चा.

भीमराज उठून खिडकीशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, झालं, आता हा काही येत नाही.

मग कुसुमताई बोलायला लागल्या. मला ऐकू येईना, पण भीमराजची पाठ हलायला लागलेली दिसली. नंतर भीमराजच्या बायकोने कुसुमताईंचं बोलणं मला लिहून दिलं ते असं: "मला गोलचं माहीत होतं. हे रिटायर होईपर्यंत रोज सकाळी गॅलरीत उभे राहायचे. तुम्ही पहिल्या शिफ्टला सायकलवरून निघालात की मला हाक मारायचे, 'कुसुम, बघ, माझा गोल कामाला चालला.'"

भीमराज वळला. रडत होता आणि हसतही होता. त्याने जाऊन कुसुमताईंच्या पायाला हात लावला. त्या "अहो, हे काय, हे काय" म्हणत असाव्यात; मागे सरल्या आणि मागचं स्टूल पडलं. मग त्याने पेपर घेतला आणि मला लिहिलं, "येतो. पण माळ माझ्या गळ्यात नको."

काल नेहरूनगरला आपल्या ढिगाऱ्यावरचे जेवढे चालू-फिरू शकतात तेवढे आले होते. सायली अंबुबाईला रिक्षाने घेऊन आली. सगळ्यांनी ठरवून तिची खुर्ची वरच्या पायरीवर ठेवली, आपल्या मागे. जुन्या जागी.

भीमराज माइकवर बोलला. मला एक शब्द कळला नाही. सायली मोबाईल पुढे करत होती, पण मी तिचा हात बाजूला केला आणि कुसुमताईंच्या तोंडाकडे बघत बसलो. आधी त्या पदराशी चाळा करत होत्या. मग हात थांबला. मग त्यांनी मान वर केली, आणि लग्नातल्या फोटोत बाई दिसते तशा दिसल्या. मला सगळं भाषण कळलं. हार त्यांनाच घातला. भीमराज शेजारी नुसता उभा होता, आणि इतका उंच तो मला खांद्यावर असतानाही वाटला नव्हता.

नंतर मुलींची मॅच लागली. भीमराज येऊन आमच्यात बसला. मीच म्हणालो, "सरका रं, बसू द्या त्याला." तुझी आठवण आली.

थोड्या वेळाने मॅडमच्या मुलींना शॉर्ट कॉर्नर मिळाला. कुणी काही न बोलता आम्ही सगळे म्हातारे उठलो आणि मैदानाकडे पाठ केली. भीमराजही वळला. त्याने आयुष्यात कधी हे केलं नव्हतं, भावा. तो नेहमी मैदानात असायचा. आम्ही त्याचे गोल कुठे बघत होतो, ते त्याला पहिल्यांदा दिसलं. वर अंबुबाई, आणि तिच्याकडे लागलेली आम्हा सगळ्यांची तोंडं. तो माझा दंड धरून काहीतरी म्हणाला. ओठांवरून कळलं: "असं होय?"

पण अंबुबाई हात झटकायला लागली. तिकडे वळा, तिकडे, अशा खुणा करत होती. आम्हाला समजेना. सायलीने मोबाईल उंच धरला:

"मला आता लांबचं दिसत न्हाई. तुमी बघा. मी तुमची त्वांडं बघते."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. नियम मोडायचा म्हणजे मोठीच गोष्ट. भीमराज आधी वळला. मग आम्ही वळलो.

निरंजन, तो नियम पडल्यापासून मी पहिल्यांदा आपल्या बाजूचा शॉर्ट कॉर्नर डोळ्यांनी पाहिला. लाइनीवरच्या मुलीने बॉल ढकलला. दुसरीने थांबवला. तिसरीने मारला. माझी नजर मात्र ढकलणाऱ्या मुलीवरच राहिली. ढकलून झाल्यावर ती तिथे थांबली नाही. खांबाकडे पळाली.

मग आम्ही सगळे अंबुबाईकडे वळलो, आणि आमची तोंडं बघून ती हसली.

तुझा,
रोहिदास